घरचे अंडे

प्रास्ताविक

शहरात राहणाऱ्या माणसाने आपल्या गरजेची एखादी तरी वस्तू स्वतः निर्माण करावी का? आणि करावी म्हटले, तर त्याचा शेजाऱ्यांना होणारा त्रास कोणी सोसावा? घरगुती कुक्कुटपालनाच्या निमित्ताने प्रस्तुत वैचारिक लेखात या दोन प्रश्नांचा विचार केला आहे. लेखकाने आपले मत मांडताना विरुद्ध बाजूचे आक्षेपही विचारात घेतले आहेत. लेख वाचताना कोणती विधाने वस्तुस्थिती सांगतात आणि कोणती विधाने लेखकाचे मत व्यक्त करतात, याकडे लक्ष द्या.

मूळ पाठ

तमिळनाडूतील कुंभकोणम् शहराला लागून दारासुरम् नावाचे गाव आहे. बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने बांधलेले ऐरावतेश्वराचे मंदिर हे या गावाचे वैभव होय. २००४ साली युनेस्कोने या मंदिराचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. येथील एका शिल्पात हत्ती आणि बैल यांना मिळून एकच मस्तक कोरले आहे. एका बाजूने पाहावे तर हत्ती दिसतो, दुसऱ्या बाजूने पाहावे तर बैल. हा प्रदेश मराठी वाचकाला अगदीच परका नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजे भोसले यांनी जवळच्या तंजावर येथे राज्य स्थापन केले आणि ते १८५५ पर्यंत टिकले. तंजावर आणि कुंभकोणम् या भागात आजही मराठी बोलणारी कुटुंबे आहेत.

प्रवासी मंदिर पाहतात आणि परततात. आजूबाजूच्या वस्तीकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. या परिसरात रेशीम विणणाऱ्या सौराष्ट्र समाजाची जुनी वस्ती आहे. हातमागाचा विणकर कामासाठी कारखान्यात जात नाही. माग त्याच्या घरातच असतो. एकाच छपराखाली स्वयंपाक होतो, मुले अभ्यास करतात आणि साडीही विणली जाते. असे घर केवळ राहण्याचे आणि खाण्याचे ठिकाण नसते, ते निर्मितीचेही ठिकाण असते. आपल्याकडे खेडोपाडी परसात शेवगा, अळू, शेळी आणि चार कोंबड्या असत, त्यामागेही हीच कल्पना होती.

२०२१ साली कुंभकोणम् नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि दारासुरम् तिच्या हद्दीत समाविष्ट झाले. काल गाव होते, ते आज शहर झाले. अशी गावे देशभर आहेत. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे घेण्यात आली. हद्द बदलली की घरपट्टी बदलते, बांधकामाचे नियम बदलतात, शेजारी नव्या इमारती उभ्या राहतात. परंतु परसातल्या कोंबडीचे काय? काल जी घरची लक्ष्मी होती, ती आज एकाएकी शेजाऱ्यांच्या तक्रारीचा विषय होते. तिला शहरात जागा असावी की नसावी, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. शहरातील घराला काही निर्माण करण्याचा अधिकार आहे, की त्याने केवळ विकत घ्यायचे?

माझे मत मी आरंभीच सांगतो. ज्यांच्याजवळ थोडी मोकळी जागा आहे, त्यांना मोजक्या कोंबड्या पाळण्याची मुभा शहराने द्यावी. मात्र ही मुभा नियमांनी बांधलेली असावी आणि ते नियम पाळणे हे पाळणाऱ्याने आपले कर्तव्य मानावे. अधिकार आणि कर्तव्य यांची ही जोडी तुटली, तर स्वावलंबन हे स्वार्थाचेच दुसरे नाव ठरेल.

कोंबडी आणि मनुष्य यांचे नाते फार जुने आहे. आजची पाळीव कोंबडी ही आशियातील तांबड्या रानकोंबडीची वंशज आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, पाळीव कोंबडीचे सर्वांत जुने खात्रीलायक अवशेष थायलंडमधील बान नोन वाट येथे सापडले असून ते सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. भाताची आणि बाजरीवर्गीय धान्याची शेती त्या भागात सुरू झाली, तेव्हा शेतात सांडलेल्या दाण्यांच्या ओढीने रानकोंबड्या माणसाच्या वस्तीजवळ आल्या असाव्यात, असे या संशोधकांचे म्हणणे आहे. म्हणजे माणसाने जे सांडले, ते वेचण्यासाठी ती आली आणि कायमची राहिली. कावेरीच्या खोऱ्यातील दारासुरम् हाही भाताचाच प्रदेश आहे. भात कांडले की कणी उरते, कोंडा उरतो. कोंबडी त्याचे अंडे करते. दारासुरम् पासून जवळच असलेल्या स्वामीमलै येथे मुरुगन, म्हणजे आपला कार्तिकेय, याचे प्रसिद्ध क्षेत्र आहे. त्याच्या ध्वजावर कोंबडा असतो. ज्या पक्ष्याला देवाच्या ध्वजावर स्थान मिळाले, तो माणसाच्या अंगणात उपरा कसा म्हणावा?

शहरात कोंबड्या पाळण्याची कल्पना केवळ आपल्याकडचीच नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या सरकारने नागरिकांना घराच्या मागील अंगणात कोंबड्या पाळण्याचे आवाहन केले होते आणि घरातील प्रत्येक माणसामागे दोन कोंबड्या असे प्रमाणही सुचवले होते. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये अंड्यांवर नियंत्रण आले. तेव्हा शिधापत्रिकेवरील अंड्यांचा हक्क सोडून देणाऱ्या कुटुंबाला त्याच्या बदल्यात कोंबड्यांसाठी खाद्य मिळत असे. संकटाच्या वेळी मोठमोठ्या राष्ट्रांनाही घरामागच्या खुराड्याची आठवण होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

याचा अर्थ मोठा कुक्कुटउद्योग वाईट आहे, असा मुळीच नाही. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना केली. पुढे १९८२ साली, अंड्यांचा भाव दलालांनी नव्हे तर उत्पादकांनी ठरवावा, या हेतूने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. तमिळनाडूतील नामक्कल हे गाव तर अंड्यांसाठी देशभर प्रसिद्ध झाले. या उद्योगामुळे अंडे हे सर्वसामान्य माणसाच्या आवाक्यातील पौष्टिक अन्न बनले. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने मिळतात. प्रत्येक व्यक्तीला वर्षाला १८० अंडी मिळावीत, अशी राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस आहे. २०२३-२४ या वर्षी देशात दरडोई उपलब्धता १०३ अंडी इतकी होती. म्हणजे बराच पल्ला गाठायचा आहे आणि तो मोठ्या उत्पादनावाचून गाठता येणार नाही. घरगुती कोंबडी ही उद्योगाची प्रतिस्पर्धी नाही. ती त्याची धाकटी बहीण आहे.

आता हिशेब करू. स्वावलंबनाच्या गोष्टी बोलणारी माणसे पुष्कळदा हिशेब टाळतात. गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया अशा सुधारित जातींच्या कोंबड्या परसातील पालनासाठी तयार करण्यात आल्या आहेत. गावठी कोंबडीपेक्षा त्या अधिक अंडी देतात. अशी एक कोंबडी वर्षाला १५० अंडी देते, असे धरू. चार कोंबड्यांची ६०० अंडी होतील. चार माणसांच्या कुटुंबात प्रत्येकाच्या वाट्याला १५० येतील. आकडा समाधानकारक आहे. पण एका कोंबडीला रोज सुमारे ११० ग्रॅम खाद्य लागते. चार कोंबड्यांना वर्षाला सुमारे १६० किलो खाद्य लागेल, म्हणजे एका अंड्यामागे २६५ ग्रॅमच्या वर. व्यापारी फार्मवरील कोंबडी तितकेच खाऊन वर्षाला ३०० अंडी देते. तिथे एका अंड्यामागे १३५ ग्रॅमही खाद्य लागत नाही. तेव्हा सर्व खाद्य विकत आणले, तर घरचे अंडे बाजारच्या अंड्याहून महाग पडेल. त्याशिवाय खुराड्याचा खर्च आहे, लसीचा खर्च आहे. शिवाय कोंबडी पाच-सहा महिन्यांची झाल्यावर अंडी घालू लागते, अधूनमधून खुडूक बसते आणि दोन वर्षांनंतर तिची अंडी कमी होत जातात. मग त्या म्हाताऱ्या कोंबडीचे काय करायचे, हेही आधीच ठरवावे लागते.

मग घरचे अंडे कशासाठी? पहिले कारण असे की घरात वाया जाणाऱ्या वस्तूंचे मोल त्यातून वाढते. भाजीची देठे, निवडलेल्या धान्यातील कणी, उरलेला भात, पोळीचे तुकडे हे सारे कचऱ्याच्या गाडीत जाण्याऐवजी खुराड्यात जाते. खाद्याचा जेवढा भाग असा घरातून निघेल, तेवढे अंडे स्वस्त होईल. कोंबडीची विष्ठा झाडांना उत्तम खत आहे; मात्र ती ताजी न घालता पालापाचोळ्याबरोबर कुजवून घालावी लागते, नाहीतर मुळे करपतात.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आपल्या खेड्यांत अंड्यांचे पैसे हे बहुधा घरातील बाईचे पैसे असत. शेत पुरुषाच्या नावावर, बैल पुरुषाच्या नावावर, पण कोंबड्या तिच्या. मुलाची वही, औषधाची पुडी, माहेरी जाण्याचे भाडे यांसाठी तिला कोणापुढे हात पसरावा लागत नसे. कुटुंब शहरात आले, की सर्वांत आधी हे छोटे आर्थिक स्वातंत्र्य नाहीसे होते. त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही, म्हणून त्याचे दुःखही कोणाला जाणवत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कुक्कुटपक्षी आढळले. त्यांपैकी ३१ कोटी ७० लाखांहून अधिक पक्षी परसातले होते आणि आधीच्या गणनेपेक्षा त्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. ज्याला आपण मागे पडलेली रीत समजतो, ती अजून जिवंत आहे, एवढे तरी या आकड्यांवरून कळते.

तिसरे कारण अडचणीच्या दिवसांचे. २०२० च्या आरंभी, कोंबडी खाल्ल्याने करोना होतो, अशी खोटी अफवा पसरली. भाव कोसळले, अनेक उत्पादकांना पिल्ले पुरून टाकावी लागली. त्यानंतर टाळेबंदीमुळे वाहतूक अडली. दूरवरून येणारी वस्तू स्वस्त असते, पण ती येईलच याची खात्री आपल्या हाती नसते. चार कोंबड्या एका कुटुंबाचे पोट भरू शकत नाहीत. पण ताटातील एक पदार्थ तरी आपल्या हाती राहतो. मला वाटते, सामान्य माणसाच्या आयुष्यात स्वावलंबनाचा अर्थ एवढाच असतो: सारे काही नव्हे, पण काहीतरी आपल्या हाती असणे.

या मुभेला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पहाटेची बांग, दुर्गंधी आणि रोगराई असे त्यांचे तीन मुख्य आक्षेप आहेत. पहिला आक्षेप सहज दूर होतो. अंडी मिळण्यासाठी कोंबडा लागत नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. कोंबडा असेल तर अंडे फलित होते आणि उबवल्यावर २१ दिवसांनी पिल्लू बाहेर येते; पण केवळ खाण्यासाठी अंडी हवी असतील, तर तलंगा पुरेशा आहेत. न्यूयॉर्कसारख्या महानगरातही कोंबड्या पाळता येतात, कोंबडा पाळता येत नाही. दुर्गंधीचा आक्षेप खरा आहे, पण ती कोंबडीची नसून आळसाची असते. दर पक्ष्याला निदान तीन-चार चौरस फूट जागा, खाली कोरडा भुसा आणि नित्याची सफाई असेल, तर दुर्गंधी सुटत नाही.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. त्यात फार्मवरच्या कोंबड्या होत्या, तशाच घरोघरीच्या चार-दोन कोंबड्याही होत्या. २००८ साली पश्चिम बंगालमध्ये तर रोगाचा फैलाव मुख्यतः परसातील पक्ष्यांमध्येच झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातही या रोगाने कोंबड्या मेल्या. दाट वस्तीच्या शहरात असा रोग शिरला तर काय होईल, ही भीती निराधार नाही. अशा वेळी सर्वांत घातक असते ते लपवणे. कारवाईच्या भीतीने माणूस मेलेली कोंबडी गुपचूप नाल्यात टाकतो. पण कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, तसा झाकलेला रोगही पसरायचा राहत नाही. म्हणूनच संपूर्ण बंदी हा उपाय नव्हे, असे मला वाटते. बंदी असली तरी गरीब वस्त्यांत कोंबड्या राहतीलच. फक्त त्यांची नोंद राहणार नाही, त्यांना लस मिळणार नाही आणि त्या मेल्या तर कोणी कळवणार नाही. उघड आणि नोंदलेले पालन हे चोरट्या पालनापेक्षा सुरक्षित असते.

लसीचीच गोष्ट घ्या. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा कोंबड्यांचा जीवघेणा रोग आहे. पिल्लू आठवड्याचे असतानाच त्याच्या डोळ्यात लसीचा थेंब घालतात. पण ही लस एका-दोघा पक्ष्यांसाठी मिळत नाही. एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची मात्रा असते आणि पाण्यात कालवल्यावर ती लवकरच वापरून संपवावी लागते. चार कोंबड्यांच्या मालकाने ती एकट्याने कशी आणायची? गल्लीतल्या वीस-पंचवीस घरांनी मिळून दिवस ठरवला, तर तीच कुपी सर्वांना पुरते. स्वावलंबन एकट्याने साधत नाही, हा धडा इतक्या लहान गोष्टीतही मिळतो.

तेव्हा नियम कसे असावेत? प्रत्येक घरामागे पाच-सहा कोंबड्यांहून अधिक नसाव्यात. कोंबडा नसावा. भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्याची संमती असावी. स्थानिक संस्थेकडे सोप्या रीतीने नोंद करता यावी आणि पशुवैद्यकीय दवाखान्याने वर्षातून ठरावीक दिवशी गल्लीत येऊन लस टोचावी. नवीन आणलेला पक्षी काही दिवस वेगळा ठेवावा, खुराड्यात काम केल्यावर साबणाने हात धुवावेत, लहान मुलांना तशी सवय लावावी. एकाच वेळी अनेक पक्षी दगावले, तर त्याच दिवशी कळवावे. कळवणाऱ्याला दंड नव्हे, भरपाई मिळावी. ज्यांना परस नाही, ज्यांचे घर इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आहे, त्यांनी बाल्कनीत कोंबड्या कोंडू नयेत. मोठ्या फार्मवरच्या पिंजऱ्यात कोंबडीला लिहिण्याच्या कागदाएवढी जागा मिळते, म्हणून आपण हळहळतो. तोच पिंजरा घरी आणण्यात काय अर्थ आहे? आणि ज्यांना मांसाहारी शेजार नको वाटतो, त्यांच्या भावनेचाही मान राखला पाहिजे. निदान कोंबडी उघड्यावर कापू नये.

कोणी म्हणेल, एवढे नियम पाळण्यापेक्षा दुकानातून अंडी आणणे सोपे. खरे आहे. ज्यांना ते सोपे वाटते, त्यांनी तसेच करावे. पण ज्या बाईला पाच कोंबड्यांच्या आधाराने मुलांना रोज एक अंडे देता येते आणि उरलेली शेजारी विकून आपल्या बटव्यात चार पैसे ठेवता येतात, तिला 'आता तुमचे गाव शहर झाले' एवढ्या एका वाक्याने गप्प करू नये.

दारासुरम् च्या त्या शिल्पाची येथे आठवण होते. शिल्पकाराने हत्तीसाठी बैलाला घालवले नाही, की बैलासाठी हत्तीला. दोघांची शरीरे त्याने वेगळी ठेवली आणि मस्तक एकच दिले. आपली वाढती शहरेही अशीच आहेत. एका बाजूने पाहिले तर शहर, दुसऱ्या बाजूने पाहिले तर गाव. दोघांनी एकाच डोक्याने विचार केला, तर अंगणात कोंबडीलाही जागा राहील आणि शेजाऱ्याची झोपही मोडणार नाही.

विचार करा

१. घरचे अंडे बाजारच्या अंड्याहून महाग पडू शकते, हे लेखकाने कोणत्या हिशेबाने दाखवले आहे?
२. संपूर्ण बंदीपेक्षा नोंदलेले पालन अधिक सुरक्षित का, ते लेखकाच्या शब्दांच्या आधारे लिहा.
३. 'स्वावलंबन एकट्याने साधत नाही' हे विधान तुमच्या अनुभवातील एखादे उदाहरण देऊन स्पष्ट करा.
४. तुमच्या वस्तीत कोंबड्या पाळण्यास परवानगी असावी का? तुमचे मत कारणांसह दहा-बारा ओळींत मांडा.